घरी येणाऱ्या सिस्टर

वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या हडपसरहून स्कूटरवर आमच्या कोथरूडच्या घरी यायच्या. आम्ही त्यांना नुसतं सिस्टर म्हणायचो. आल्या की आधी हात धुवायच्या, खिडकी उघडायच्या आणि वडिलांना विचारायच्या, "काका, आज कुठवर जायचं?"

पुन्हा पडण्याच्या धास्तीने वडील पलंग सोडत नसत. एकदा ते चिडून म्हणाले, "हॉस्पिटलची पक्की नोकरी सोडून लोकांच्या घरी कशाला हिंडता हो?"

वॉकर पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "तिथे टाके सुकले की पेशंट घरी जायचा. पुढे तो चालला की नाही, मला कधी कळायचंच नाही. इथे ते बघायला मिळतं. उठा."

वडील उठले. सिस्टरांनी त्यांना धरलं नाही, नुसता हात जवळ ठेवून त्या शेजारून चालत राहिल्या. तो भरवसा वडिलांना जाणवला असावा.

काही आठवड्यांनी वडील एकटे जिना उतरून सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. त्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आता उद्यापासून मी येणार नाही."

"म्हणजे स्वतःचंच काम घालवलंत की!"

"तेच तर माझं काम, काका," त्या हसून म्हणाल्या आणि हेल्मेट घेऊन निघाल्या. कोणी न सांगता वडील त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले.