हौसाक्काच्या नसत्या चौकशा

"सायेब, तुमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय?"

वाहतूक नियंत्रक म्हणून उंब्रजच्या एसटी स्टँडवर रुजू झालो, त्या सकाळी कँटीनच्या खिडकीतून चहाचा कप अर्धवट पुढे करून हौसाक्काने मला हा प्रश्न विचारला. माझ्या संसाराला बारा वर्षं झाली होती, पण उत्तर येईना. तिने कप परत मागे घेतला.

"मग बायको तुमचीच हाय कशावरनं? बॉर्डरवर घावला असता तर बाजूला बसवलं असतं तुमास्नी."

एवढं बोलून तिने कप दिला. चहा फिका होता. साखर घालायची राहिली का, असं विचारलं तर म्हणाली, "तुमचं प्वाट बघून घातली न्हाई."

हौसाक्का मूळची जत तालुक्यातली, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत तिला अस्खलित शिव्या देता येत. भरतीत पोरांच्याही पुढे पळाली आणि सीमेवरच्या दलात लागली. तिची सगळी नोकरी नेपाळच्या सरहद्दीवर झाली, त्यामुळे नेपाळी ही तिची शिव्यांची तिसरी भाषा. पुढे उंब्रजच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नवरा स्वतः फौजेतला, त्याला रजा मिळेना. तेव्हा हिनेच वर्दी उतरवली आणि स्टँडवरचं कँटीन चालवायला घेतलं. वर्दी उतरली तरी सवय मात्र उतरली नाही. अनोळखी पुरुषाबरोबर बावरलेली बाई किंवा पोर दिसली, की हिचा प्रश्न सुटलाच.

मी एकदा म्हणालो, "आक्का, सरहद्दीवर तारेचं कुंपण असतं, पासपोर्ट असतो. तिथल्या चौकशा इथं कशाला?"

ती खो खो हसली. "कुंपण? आवं, ती काय पाकिस्तानची बॉर्डर हाय व्हय? इकडं भाताचं रान, तिकडं भाताचं रान. म्हस इकडं बांधलेली, चरती तिकडं. सोयरीक तिकडली, बाजार इकडला. रोज हजारो माणसं जात्यात येत्यात, कागूद कुणी मागत न्हाई. आणि मागू बी नये, त्यांचं पोट त्याच्यावर हाय. पर त्याच गर्दीतनं एखादा हरामखोर पोरगी घिऊन जातो. हात धरून, हसत हसत. त्याला कशानं अडवणार? बंदुकीनं? तोंडानंच अडवायचा."

तोंडाने अडवायची तिची रीत ठरलेली होती. आधी दोघांना वेगळं करायचं आणि मग दोघांना एकच प्रश्न विचारायचा, तोही बिनकामाचा. "नाव, गाव, नातं ही पाठ करून आलेली असत्यात," ती सांगायची. "दाजी झोपंत घोरतो का, ह्येचं उत्तर कुणी पाठ करून येत न्हाई."

या रीतीचे फटके आम्हीही खाल्ले. औंधला यमाईच्या दर्शनाला निघालेलं एक नवं जोडपं तिने अडवलं. नवऱ्याला बायकोची आवडती भाजी सांगता येईना, बायकोला नवऱ्याचं शिक्षण सांगता येईना. हौसाक्काने पोलिसांना फोन लावला. लग्नाला तीनच दिवस झाले होते हो त्यांच्या! नवरदेवाच्या चुलत्याने स्टँड डोक्यावर घेतला. डेपोतून कागद आला की प्रवाशांची आणखी एक तक्रार आली तर कँटीनचा परवाना रद्द होईल. मी तो वाचून दाखवला. हौसाक्का शांतपणे म्हणाली, "पर भाजी म्हाईत नव्हती हे खरं हाय का न्हाई?"

शाळेनेही तिला एकदा व्याख्यानाला बोलावलं होतं. हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, "भाषा जरा सभ्य ठेवा." आक्का उभी राहिली आणि पोरींना म्हणाली, "मोबाईल न बघता आईचा नंबर सांगा." शंभरेक पोरींत चौघींना आला. "परक्या गावात फोन काढून घेतल्यावर काय करशीला? डोस्क्यात नंबर पायजे. कागूद आपल्या पिशवीत पायजे. आणि कुठं चाललो त्या गावाचं नाव आपल्या आधी घरच्यास्नी ठावं पायजे." मग तिने हेडमास्तरांकडे वळून त्यांच्या पत्नीचा नंबर विचारला. तिला पुन्हा बोलावणं आलं नाही.

त्या मे महिन्यातली दुपार मला लख्ख आठवते. हायवेला पुण्याकडून आलेली ट्रॅव्हल्स थांबली. तीतून उतरून एक तिशीचा माणूस आणि दोन मुली सांगलीच्या गाडीसाठी स्टँडवर आले. थोरली एकोणीस-वीसची असेल, धाकटी चौदा-पंधराची. कपडे तिघांचेही नवे. मला काहीच वावगं दिसलं नाही. हौसाक्का मात्र खिडकीतून बघत म्हणाली, "सायेब, पाण्याची बाटली त्येच्या हातात हाय. धाकटी तहानलीया, पर मागंना झालीया."

"आक्का, डेपोचा कागद विसरू नका," मी बजावलं आणि शेजारच्या केबिनमध्ये गेलो.

ती चहाचे तीन कप घेऊन बाहेर गेली. धाकटीजवळ वाकून हळूच नेपाळीत म्हणाली, "बहिनी, चिया खाने?" आपल्या भाषेत कुणीतरी चहा विचारतंय म्हटल्यावर त्या पोरीने मान इतकी झटकन वर केली, की केबिनमधून मलासुद्धा ते दिसलं. माणूस हिंदीत म्हणाला, ही माझी बायको, ती मेहुणी, सांगलीला नातेवाईकाच्या हॉटेलात कामाला चाललोय. हौसाक्काने "आगं बाई" म्हणत एक कप धाकटीच्या ओढणीवर सांडला. चहा मुद्दाम कोमट करून नेला होता, हे मला मागाहून कळलं. ओढणी धुवायला म्हणून तिने पोरीला नळावर नेलं.

तेवढ्यात सांगलीची गाडी लागली. नळावरून हौसाक्काने मला हात करून थांबवायची खूण केली. आयुष्यात मी एकही गाडी मुद्दाम उशिरा सोडलेली नव्हती. पुन्हा नवरा-बायकोच निघाले तर? हिचं कँटीन जाणार आणि माझी बदली होणार. मी माइक हातात घेतला. "सांगलीकडे जाणारी गाडी तांत्रिक कारणामुळे दहा मिनिटं उशिरा सुटेल," असं बोलून टाकलं. ड्रायव्हर माझ्याकडे बघून ओरडला, "कसलं कारण? गाडी तर चांगली हाय!"

हौसाक्का नळावरून परत आली ती हसतच, आणि येताना माझ्या कानाशी पुटपुटली, "पोरगी इचारतीया, मुंबईचा समुद्र इथनं किती लांब हाय? सायेब, ह्यास्नी मुंबई सांगितलीया. बोलवा पोलिसांना."

माणसाला काहीतरी उमगलं. तो बॅग उचलायला वळला, तर बॅगेवर हौसाक्का बसलेली. "पावनं, दम खावा. तुमची बायको माहेरी कुणाची लाडकी? आईची का बाची?" तो पळाला. ड्रायव्हरने त्याला फाटकातच कवेत घट्ट आवळलं. गाडी कशी चांगली आहे ते सांगायला तो खाली उतरला होता, म्हणून बरं.

महिला फौजदार आल्या. दोन्ही मुलींची ओळखपत्रं माणसाच्या बॅगेत सापडली. थोरली त्याची बायको नव्हती आणि धाकटी तिची बहीणही नव्हती. मुंबईत ब्यूटी पार्लरचं काम, मग तिथून परदेश, असं सांगून त्याने दोघींना दोन वेगळ्या गावांतून उचललं होतं. धाकटी रडत होती. थोरली मात्र हौसाक्काच्या अंगावर धावून गेली आणि तोंडाला येईल ते बोलली.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"माझी आय काढतीया," हौसाक्का म्हणाली. "म्हणतीया, तू कोण माझं नशीब मोडणारी, घरी जाऊन काय माती खाऊ? बराबर बोलतीया पोरगी. तिला काम पायजे हुतं. कामाची आशा लागली न्हाई, तर असल्यामागं कोण जाईल?"

मुली काही आठवडे आश्रयगृहात होत्या. पुढे त्यांना नेपाळच्या सरहद्दीवर पोचवायला पोलिसांबरोबर दुभाषी म्हणून हौसाक्का गेली. दहा दिवसांत येते म्हणाली आणि महिन्याने आली. परत आली ती थेट माझ्या केबिनमध्ये येऊन बसली. चहा मी मागवला.

"थोरली बोलली का?" मी विचारलं.

"बोलली की. पलीकडं गेल्यावर वळून शिवी दिली. पर आधी दिदी म्हणली."

मग कप खाली ठेवून तिने जुनी गोष्ट काढली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या चौकीवरून एक मुलगी मामाबरोबर गेली. हिने नाव विचारलं, गाव विचारलं, नातं विचारलं, दोघांची उत्तरं जुळली. "म्या इचारलं, भ्या वाटतंय का? तर हसली. दात पुढं हुतं तिचं. हसली म्हणून जाऊ दिली." महिन्याने मुलीचा बाप फोटो घेऊन चौकीवर आला. मामा नव्हताच तो. मुलगी आजतागायत सापडलेली नाही. "तवापास्नं मी शान्यागत इचारायचं सोडलं आन् येड्यागत इचारायला लागले."

या खेपेला ती त्या बापाचं गाव शोधत गेली होती. "वाटलं, थुकंल तोंडावर. त्यानं चहा दिला. तुमच्याकडं उन्हाळा लय आसतो का, म्हणून इचारलं. दर बाजारच्या दिवशी म्हातारा फोटो घिऊन नाक्यावर जाऊन उभा ऱ्हातो. मी तीन बाजार त्येच्यासंगं उभी ऱ्हायले."

सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. नवरा निवृत्त होऊन उसात रमला होता. तिने त्या नाक्यावर कायमचं जायचं काढलं, तर तो म्हणाला, "जा बाई तू. हितं बी लोकं तुझ्या तक्रारी माझ्याकडंच आणत्यात." पलीकडच्या एका संस्थेच्या बायका नाक्यावर टपरी टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींशी बोलत असत. त्यांना असलं तोंड हवंच होतं. हौसाक्काने कँटीन स्वतःहून सोडलं. डेपोला परवाना रद्द करायचं सुख काही मिळालं नाही.

परवा तिचा फोन आला. मागे बैलगाड्यांचा, भोंग्यांचा, माणसांचा कालवा चालला होता. मी विचारलं, "आक्का, दिवसभर काय करता तिथं?"

"उभी ऱ्हाते. म्हातारा फोटो दावतो, मी इचारते. दोघं मिळून लय लोकांचं डोस्कं खातो." मग मला सोडून ती तिकडेच कुणावर तरी मराठीतच ओरडली, "ए भाऊ, थांब रं जरा!" फोन बंद न करताच ती गेली. मी बराच वेळ तो कानाला धरून बसलो होतो.