खंडेनवमीला पुजलेला मदरबोर्ड

मदरबोर्ड निवडताना मी जेवढी घाबरले, तेवढी दहावीच्या निकालालाही घाबरले नव्हते. आमच्या धाड गावी शिकवणी वर्गात गणित शिकवून साठवलेल्या पैशांतून मी गेम खेळण्यासाठी स्वतःचा पहिला कॉम्प्युटर जोडत होते. तहसील कार्यालयात कारकून असलेले माझे बाबा त्याला ‘खेळणं’ म्हणायचे. "पोरी लग्नाच्या झाल्या का भांडे घेतात, हे खेळणं घेऊन राह्यली," असं आईला ऐकवायचे. बोलायचे आईशी, पण आवाज माझ्या खोलीपर्यंत यावा एवढा ठेवायचे.

बाकीचे भाग पटापट ठरले. अडकले ती मदरबोर्डपाशी, कारण सगळं त्याच्यावरच बसतं आणि तो चुकला की सगळंच बोंबलतं. बुलढाण्याच्या दुकानात दोन होते. एकाच्या खोक्यावर नवा प्रोसेसर चालेल असं स्पष्ट छापलं होतं, पण तो मला झेपणारा नव्हता. दुसरा स्वस्त होता आणि त्याच्या खोक्यावर धूळ बसली होती. जुन्या मालातलं सॉफ्टवेअरही जुनं असतं, ते नवा प्रोसेसर ओळखतच नाही आणि पडदा काळा राहतो, असे व्हिडिओ पाहून पाहून माझी झोप उडाली होती.

"चालते न ताई, काऊन भेता?" दुकानदार म्हणाला. "फक्त सील तोडलं का वापस होत नाही, हे आताच सांगून ठेवतो."

म्हणजे धीर देता देता त्यानं जीव टांगणीला लावला. मी स्वस्तातला घेतला. प्रोसेसर दुसऱ्या दिवशी मिळणार होता. धाडच्या जीपमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले, आणि शेजारणीचं कोपर जरा लागलं की ते दुसऱ्या बाजूला सरकवत होते. घरी येऊन सील तोडलं, एकही पिन वाकलेली नाही ना ते टॉर्चनं पाहिलं आणि बोर्ड परत पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. प्रोसेसर घेऊन दुपारी परत आले तर देवघरापुढच्या पाटावर पूजा मांडलेली. आईची कात्री, विळी, बाबांचा पेन, स्कूटरची किल्ली, आणि मधोमध पिशवीतून काढलेला माझा मदरबोर्ड. प्रोसेसर बसतो तिथल्या प्लॅस्टिकच्या झाकणावर ओलं कुंकू, अंगभर अक्षता आणि वर झेंडूचं टपोरं फूल. मी पाटाशी धावले.

"बाबा, याच्यावर पाणी पडलं का?"

"शिंपडलं थोडंसं. काऊन वं? तुह्यं हत्यार आहे ते. त्याले पूजेत मांडू नको त काय करू?"

हत्यार. कालपर्यंत ते खेळणं होतं. हा शब्द बाबांच्या तोंडून ऐकायला मी किती तरसले होते, आणि तो आला तेव्हा माझी नजर बोर्डावरच्या एका थेंबावर खिळली होती. त्यांना रागावणं शक्यच नव्हतं. मी फूल उचललं, अक्षता झटकल्या, कुंकू टिपून घेतलं आणि बोर्ड रात्रभर पंख्याखाली ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी सगळं जोडलं. आई-बाबा मागे उभे होते. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा.

"माह्या पाण्यानं त नाही न झालं?" बाबांनी हळूच विचारलं. कुंकवानं अजून लाल असलेलं बोट ते पँटला पुसत होते. बाबांना मी साहेबांपुढेही असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मी मनापासून देवाला विनवलं की माझीच निवड चुकलेली निघू दे. पैसे बुडाले तर पुन्हा साठवता येतील. पण बाबा पुन्हा कधी माझ्या वस्तूला हात लावणार नाहीत, याचीच मला खरी धास्ती वाटत होती.

काहीतरी करायचं म्हणून रॅमची पट्टी काढली आणि तिच्या खाचेत टॉर्च मारला. तळाशी झेंडूची एक पाकळी दबून बसली होती. चिमट्यानं ती अलगद काढली आणि बाबांना दिसायच्या आत मुठीत धरली.

"पट्टी नीट बसली नव्हती," मी म्हणाले. पट्टी पुन्हा दाबून बसवली आणि बटण दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर अक्षरं आली आणि त्यांत माझ्या प्रोसेसरचं नावही होतं.

बाबांनी केवढा तरी श्वास सोडला. मग छाती फुगवून आईकडे वळले. "पाह्यलं? पूजा केली म्हणून चाललं. पुढच्या सालीबी म्याच करीन."

"हो बाबा," मी म्हणाले आणि मूठ आणखी घट्ट आवळली.