अंग धरून ये

"उतर गो, उतर. तागडेवयल्यान सकयल उतर आदीं."

तागडीवरून खाली उतर म्हणून मामा ओरडत होता आणि त्याच्या ओसरीवर माझ्या परकरातून काजूच्या बिया गळत होत्या. आधी एक, मग पाच, मग पोतं फाटावं तसा लोट. मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय की त्या बिया अंगणातून घरंगळत थेट महाराष्ट्रात पोचल्या. गोव्याच्या हद्दीवरच्या मामाच्या इब्रामपूरहून महाराष्ट्र तसा लांब नाही, तेव्हा निम्मं तरी खरं धरावं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि बारीक. किती बारीक? आमच्या पाळी गावात दारावरून खाणीचे ट्रक गेले की तांबडी धूळ उडायची, तेव्हा आई आधी मला धरायची आणि मग दोरीवरचे कपडे. बसमध्ये कंडक्टर न विचारता माझं हाफ तिकीट फाडायचा.

पावसाळा, हिवाळा कसाबसा निभायचा. उन्हाळ्यात लपायला जागाच नसायची. मामाकडे सगळ्या पोरी बिनबाह्यांचे झगे घालून झरीवर न्हायला जायच्या. मी मनगटापर्यंत बाह्या ओढून काठावर बसायचे आणि सांगायचे, पाण्यात मगर आहे, मी डोळ्यांनी बघितलीय. पहिल्या वर्षी सगळ्या घाबरल्या. दुसऱ्या वर्षी एक म्हणाली, "आसूं दी गो. तुका खावन तिका कितें मेळटलें?"

हे मी घरी हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. लग्नाकार्यात बायका माझा दंड दोन बोटांत धरून तिलाच विचारायच्या, "पोरीला जेवायला घालत नाहीस काय गे?" आपल्या पानातला भात ती माझ्या पानात ढकलायची, तरीही विचारायच्या. त्या वर्षी सुट्टीला मला मामाकडे सोडून निघताना ती एवढंच म्हणाली, "थोडं अंग धरून ये गो."

मामाची तागडी ओसरीच्या वाशाला टांगलेली असे. एका फळीवर बियांचं पोतं, दुसरीवर लोखंडी वजनं. मी पोचले त्याच दिवशी मामाने मला पोत्याच्या जागी बसवलं आणि भिंतीवर कोळशाने आकडा लिहिला. आई न्यायला आली की त्याच्याखाली दुसरा लिहायचा, असं ठरलं. तो पहिला आकडा मी सांगणार नाही. बाकी सगळं वाढवून सांगते, तेवढा एकच मला वाढवता आला नाही.

प्रयत्न केला. गरे खाल्ले, आंबे खाल्ले, नाचण्याची तिजन वाडग्यांनी प्याले. मामी दुधात पाव बुडवून पुढे करायची, तोही खाल्ला. दोन बैलगाड्या फणस तर मी एकटीने संपवले. फार तर एक गाडी कमी करा. आणि रोज दुपारी घर निजलं की मामीच्या आरशासमोर उभी राहून मनगटाला अंगठा नि करंगळीचा विळखा घालायचे. करंगळी अंगठ्यावर चढायचीच.

आई यायच्या आदल्या दिवशी मी मामीच्या जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला, त्यात मामाच्या ढिगातल्या बिया भरल्या आणि सकाळी परकराच्या आतून कमरेला बांधला.

गोवा राज्य झाल्याला दोन-तीनच दिवस झाले होते. आई आली. तिने अजून पायही धुतले नव्हते. मी फळीवर बसले आणि मामा बिया वाळवणाऱ्या बायकांना म्हणाला, "गोंय राज्य जालें, हें चेडूं मात अजून केंद्रशासित." बायका हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले असणार, कारण तेवढ्यात पट्ट्याची शिवण उसवली.

"चोर," मामा म्हणाला. "भाचीच चोर निघाली."

मी खाली मान घालून हो म्हटलं. चोर परवडलं. खरं सांगितलं असतं, तर भिंतीवरचा आकडा पुन्हा सगळ्यांसमोर वाचावा लागला असता. आई दारात उभी होती, तशीच उभी राहिली.

आतल्या खोलीत मामीने पट्टा सोडला. काही बिया फुटल्या होत्या. त्यांच्या टरफलांतलं जळजळीत तेल घामाबरोबर उतरून कमरेभोवती भाजल्यासारखा पट्टा उठला होता. तिने खोबरेल लावलं. "चोरी करपी पोत्यांत घालता गो," ती हळूच म्हणाली. "कमराक बांदना."

"आईला सांगू नको."

तिने सांगितलं की नाही, मला कधीच कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. रस्त्याकडेच्या भिंतींवर मराठी-कोंकणीच्या भांडणातल्या घोषणा अर्धवट पुसलेल्या होत्या. कंडक्टर आला, माझ्याकडे बघून त्याचा हात सवयीने हाफच्या गठ्ठ्याकडे गेला.

"दोन फुल," आई म्हणाली.

त्याने माझ्याकडे पुन्हा बघितलं. आईने त्याच्याकडे बघितलं. त्याने दोन फुल फाडली.

डिचोलीला बस बदलली, साखळी गाव मागे पडलं. पाळीचा तांबडा रस्ता लागला तेव्हा कमरेची आग सहन होईना. समोरून ट्रकांची रांग येत होती. मी बाहेर बघत म्हटलं, "आई, मी चोरी नाही केली. मला जड व्हायचं होतं."

ट्रक जवळ आले तसं तिने आधी मला धरलं.

"खिडकी लाव," ती म्हणाली. "धूळ येते."