दिग्याच्या मशीनला फॉरमॅटर

आमच्या राजारामपुरीतल्या सॉफ्टवेअर ऑफिसातले किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. हसा! मला मात्र नुसतं आठवलं तरी डोस्कं तापतं. माणसं मोजून पाच, पण किस्से ठेवायला जागा न्हाय. गेला महिना तर सगळा दिग्याचाच.

*

दिग्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर लिहितो. पोरगं हुशार, पण कोड बघवत न्हाय! एक ओळ राजारामपुरीत, तर दुसरी थेट चंदगडात.

म्हटलं, "हे वाचायचं कसं रे?"

"मशीनला कळतंय की, मॅडम!"

"मला न्हाय कळत! ओळी आपोआप सरळ करणारा फॉरमॅटर मिळतो, तो बसव. तोवर तुझी एक ओळ सर्व्हरवर चढवायची न्हाय!"

नियम माझा. त्या दिवसापासून दिग्याचं सगळं काम त्याच्या डेस्कटॉपवरच साठत गेलं. आणि पंधरा दिवसांनी संस्थेच्या चेअरमनना डेमो द्यायचा होता.

*

त्यानं इंटरनेटवर दिसलं ते पहिलं हिरवं बटण दाबलं. फॉरमॅटर राहिला बाजूला, मशीनच बोंबलायला लागलं, "व्हायरस! व्हायरस!" समोर नवं गिऱ्हाईक बसलेलं. ते उठलं आणि म्हणालं, "पावणं, आधी तुमचं निस्तरा, मग आमचं बघा."

असली लाज आणली!

*

खरा फॉरमॅटर सापडला, तर मशीन अ‍ॅडमिन पासवर्ड मागायला लागलं. पासवर्ड आमच्या मालकांकडं, म्हणजे सरांकडं, आणि सर जयसिंगपूरला लग्नात! फोन लावला. तिकडं बँड जोरात.

"सर, पासवर्ड!"

"आँ? काय?"

चौथ्यांदा विचारल्यावर सर असे कडाडले, की अख्ख्या मंडपाला पासवर्ड कळला. आम्हालाच न्हाय!

*

दुसऱ्या दिवशी बघते, तर दिग्या स्टीलची पट्टी स्क्रीनला लावून एकेक ओळ हातानं सरळ करतोय!

"अरं, हे काय लावलंयस?"

"फॉरमॅटरच की, मॅडम. ह्याला पासवर्ड लागत न्हाय!"

दुपारपर्यंत अकरा ओळी झाल्या होत्या.

*

डेमो उद्यावर आला आणि माझं टाळकं सटकलं. जेवायला बाहेर पडता पडता हार्डवेअरवाल्या संपतदांना फोन केला.

"दिग्याच्या मशीनला फॉरमॅटर मारा. आत्ताच्या आत्ता!"

"मारतो की. जुनं काय ठेवायचं हाय काय?"

त्या वाकड्या ओळी डोळ्यांपुढं आल्या. तडकून म्हटलं, "जुनं कायबी ठेवू नका! सगळं साफ करा!"

जेवून मी आणि दिग्या परत आलो. संपतदा घाम पुसत उभे.

"फॉरमॅट मारला बघा, मॅडम. विंडोज नवी कोरी टाकली!"

स्क्रीन निळी आणि कोपऱ्यात एकटी कचरापेटी. पंधरा दिवसांचं काम गेलं. राग तरी कुणावर काढायचा? नियम माझा, फोन माझा.

दिग्या खुर्चीत बसला. स्टीलची पट्टी कोऱ्या स्क्रीनला लावली आणि म्हणाला, "बघा मॅडम, आता एक तरी ओळ वाकडी हाय काय?"