दुसरा मॉनिटर

लॅपटॉपची स्क्रीन तपासताना संपतअण्णा डावा डोळा घट्ट मिटून घेत आणि एकट्या उजव्या डोळ्याने बारकाईने बघत. मारुंजीतल्या त्यांच्या दुकानात मी सहा वर्षं दुरुस्तीचं काम केलं. पहिल्याच दिवशी मी मोठ्या रुबाबात म्हणाले, "स्क्रीन गेली." त्यांनी टेबलावरचा जुना मॉनिटर पुढे ओढला.

"ताई, लगीच गेली म्हनू नगं. आदी ह्याला जोड. हितं चित्र नीट आलं, तर खोट लॅपटॉपच्या स्क्रीनकडं. हितंबी त्योच डाग दिसला, तर स्क्रीनला बोल लावायचा न्हाई. मागं बघायचं, चित्र जितनं येतं तितं."

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली गिऱ्हाइकं घाई करत. "अंकल, नवीनच टाका ना." अण्णा फटकन सांगत, "आतली वायरची पट्टी सैल झालीया, स्क्रीन चांगली हाय. हौसच आसंल तर दुसरीकडं जावा." अशी कितीतरी माणसं रागावून गेली. अण्णांना त्याचं सोयरसुतक नसे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका लॅपटॉपकडे बघत ते म्हणाले, "खाली डाव्या कोपऱ्यात काळी सावली हाय." मला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी वेगळ्या लॅपटॉपवर तीच सावली, त्याच कोपऱ्यात. त्यांनी मॉनिटर जोडला. तिथेही त्यांना तीच दिसली, मला नाही. "ह्योबी म्हातारा झाला," असं पुटपुटून त्यांनी तो बाजूला सारला. आणि मी, दुकानात गर्दी होती म्हणून, हसून म्हणाले, "अण्णा, चष्मा पुसा की."

आठवड्याने सावली अर्ध्या स्क्रीनवर चढली, तेव्हा मी त्यांना पिरंगुटला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डॉक्टर म्हणाले, "सावली दिसली त्याच दिवशी यायला हवं होतं." ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याला उजेड-अंधारापलीकडे काही उरलं नाही. एका डोळ्याने सोल्डरिंगचे बारीक डाग देताना हात चुकू लागला. दोन महिन्यांत अण्णांनी दुकान बंद केलं.

शेवटच्या दिवशी आवराआवर करताना मी म्हणाले, "अण्णा, तुमच्या तरी कसं लक्षात आलं नाही?" हा प्रश्न मी विचारायला नको होता.

"मला कसं कळनार? माजाच डोळा त्यो," ते शांतपणे म्हणाले. "तू भाईर हुतीस. तुला सावली दिसत न्हवती. तू मागं का न्हाई बगितलंस?"

मॉनिटर त्यांनी मला दिला. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत, आणि मला त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही.