फाटक्या पराचं औषध

धर्माजीसारखा भित्रा माणूस राजुरीत दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगायचा. एसटीत बसला की तिकीट खिशात आहे ना, हे आळेफाटा येईपर्यंत चार वेळा चाचपायचा. फाट्यावर फतेचंदशेठच्या कापड दुकानात त्याने पंधरा वर्षं काढली. कापड दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावायचा नाही. गिऱ्हाइकं वैतागायची, शेठ खूश असायचे. दुकानाला निघण्याआधी पहाटे तो घरच्या द्राक्षबागेत पानं उलटीपालटी करून बघायचा.

२००४ च्या मे महिन्यात शेठचं सगळं घर लग्नाला राजस्थानात गेलं आणि दुकानावरच्या माडीतली माशांची टाकी धर्माजीच्या गळ्यात पडली. शेठचा मुलगा पारस याची ही हौस. टाकी साधी नाही, खाऱ्या पाण्याची. त्यासाठीचं खास मीठसुद्धा पुण्याहून यायचं. आत दगड, दोन कोळंब्या, गोगलगायी, एक निळा मासा आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक केशरी मासा. केशरी मासा पारसच्या मुलीचा, सिद्धीचा, फार लाडका. निघताना शेठच्या पत्नी चंदाबाई म्हणाल्या, "धर्माभाऊ, आमच्या घरात जीव मरता कामा नये." झालं, गड्याचं जेवणावरचं लक्षच उडालं.

चौथ्या दिवशी केशरी माशाच्या शेपटीचा पर फाटलेला दिसला. धर्माजीने दुकानातून पारसच्या मोबाइलवर फोन लावला.

"कुजतोय तो पर," पारस तिकडून ओरडला. मागे बँड वाजत होता. "कपाटात निळी बाटली आहे, पाच झाकणं टाका. उशीर केलात तर सगळे मरतील."

बाटलीवर सगळं इंग्रजीत. धर्माजीला इंग्रजी येत नव्हतं, पण 'कॉपर' ही अक्षरं त्याने फवारणीच्या डब्यांवर इतकी वर्षं पाहिली होती, की ती त्याला चेहऱ्यासारखी ओळखू आली. म्हणजे तांब्याचं औषध, मोरचुदाचाच भाऊ. एकदा मोरचूद फवारून पंप धुतलेलं पाणी त्याच्या हातून हौदात सांडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी हौदातली एकही गोगलगाय जिवंत नव्हती. त्याने टाकीकडे पाहिलं. काचेवरून एक गोगलगाय निवांत वर चढत होती. औषध टाकावं तर ही जाणार, न टाकावं तर सिद्धीचा मासा जाणार.

शेवटी त्याने स्टूल ओढलं आणि पान बघतो तसा पर बघायला लागला. रोग असला की पानाची कड आधी बोलते. रंग बदलते, आणि डाग रोज आत सरकतो. वाऱ्याने फाटलेल्या पानाची कड स्वच्छ असते. या पराची कड स्वच्छ होती. पांढुरकी नाही, लाल नाही. मासा खात होता, बाकीच्यांचे पर धड होते. पण मासा म्हणजे का पान आहे? या विचाराने तो पुन्हा गारठायचा.

संध्याकाळी पारसने फोनवर विचारलं, "टाकलं?"

"टाकलं," धर्माजी म्हणाला. शेठच्या घरात तो प्रथमच खोटं बोलला.

तीन दिवस दुकान उघडण्याआधी, दुपारी, दुकान बंद करताना तो माडीवर जाऊन कड तपासत राहिला. फाटलेलं वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी खाणं टाकताना चोर सापडला: निळा मासा झेपावून केशरीच्या शेपटीला चावला. मग धर्माजी टाकीच्या दोन टोकांना खाणं टाकू लागला. निळा एकीकडे गुंतला की केशरी दुसरीकडे पोटभर खायचा. घर परत आलं तोवर पर बराचसा भरला होता.

"बघा, औषध म्हणजे औषध," पारस येईल-जाईल त्याला सांगू लागला. खरं तर धर्माजीने तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलला. मालकाचं चुकलं हे कसं सांगायचं, आणि आपण खोटं बोललो हे कसं सांगायचं, या दोन भीतींच्या मध्ये त्याची जीभ अडकली.

आठवड्याने निळ्या माशाचा पर एका दगडाला घासून फाटला. सिद्धीने हाक मारली आणि पारस बाटली घेऊन आला. धर्माजी कापडाचं ठाण घेऊन माडीवर आला, तेव्हा पारसने पहिलं झाकण भरलं होतं.

ठाण खाली पडलं. धर्माजीने पारसचं मनगट धरलं. पंधरा वर्षांत त्याने शेठच्या घरात कुणाला हात लावला नव्हता.

"टाकू नका शेठ," तो म्हणाला. "गोगलगायी मरतील, कोळंब्या मरतील. मी टाकलंच न्हवतं. तुमाला खोटं सांगितलं."

चंदाबाई देवघरातून बाहेर आल्या. पंधरा वर्षांची भाकर आज संपली, असं धर्माजीला वाटलं, तरी त्याने मनगट सोडलं नाही. झाकणातलं औषध पारसच्या बोटांवर सांडत होतं.

"बाटली ठेव, पारस," चंदाबाई म्हणाल्या.

पारसने बाटली ठेवली. चेहरा लाल झाला होता. त्याने हात पुसले आणि विचारलं, "मग आता करायचं काय?"

"बघायचं," धर्माजी म्हणाला. "दोन-तीन दिस नुसतं पराच्या कडेकडं बघायचं. मला लई भ्याव वाटतंय शेठ, पण बघू."

सिद्धीने त्याच्यासाठी स्टूल आणून ठेवलं.