हुजूरांचा किल्ला

निजामाच्या राजवटीत आमच्या भूमच्या शाळेत एक मास्तर चारच महिने टिकले. त्यांचं नाव मी सांगणार नाही. एकदा तोंड उघडून त्यांचं वाटोळं केलंय, तेवढं पुरे.

शाळा उर्दू, पण शेवटच्या तासाला ते आम्हाला ग्रीकांचं एक फार जुनं युद्धकाव्य मराठीत सांगत. नकाशाची गुंडाळी हा भाला, हजेरीबुक ही ढाल. वीर पडला, मग तो कुठल्याही बाजूचा असो, की टोपी काढून क्षणभर गप्प उभे राहत. वेढा पडलेलं शहर आम्हाला डोळ्यांपुढं येईना, तेव्हा म्हणाले, "आपला परांड्याचा किल्ला समजा."

एके दिवशी तपासणीला साहेब आले. "क्या पढ़ते हो?" म्हणाले. मी उडी मारून उठलो आणि सगळं युद्ध साभिनय करून दाखवलं.

"किला किसका?" साहेबांनी विचारलं.

साहेब खूश व्हावेत म्हणून मी लवून कुर्निसात केला. "अपने हुजूर निजाम सरकार का!"

"फिर क्या हुआ?"

"जलके खाक, साहब!"

वर्ग खो खो हसला. साहेब हसले नाहीत.

चार दिवसांत मास्तरांना काढलं. ते टांग्यात बसताना मी रडत म्हणालो, "म्या चुकलो, मास्तर."

"न्हाय गड्या," ते म्हणाले, "इतकं झ्याक मलाबी सांगता आलं नसतं."

नव्या मास्तरांनी आमच्याकडून हुजूरांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना घोकून घेतली. मी तीही साभिनय म्हटली. बक्षीस मिळालं.